उंबऱ्यातली चार नाणी

कृष्णात हवालदाराचा हात आधी चालायचा आणि डोकं मागून सावकाश पोचायचं. पलटणीत हे खपून गेलं, तिथं अशा माणसाला धाडसी म्हणतात. माणदेशातल्या त्याच्या गावातही खपलं, कारण फौजी माणसाला कोण बोलणार? चोवीस वर्षं नोकरी करून तो घरी आला आणि सांगलीतल्या एका सिक्युरिटी एजन्सीत लागला. एजन्सीची निळी वर्दी त्याच्या मानेला काचायची. त्या वर्दीवर तो सकाळी पहिला राग काढायचा आणि मग दिवसभर दुसऱ्यांवर.

त्या दिवशी त्याची ड्युटी जुन्या नाण्यांच्या प्रदर्शनावर होती. सांगलीतलाच हॉल, नऊ-दहा टेबलं, काचेच्या पेट्या, आणि वाकून वाकून बघणारी चष्मेवाली माणसं. कृष्णातला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. फुटकी तांब्याची चकती बघून माणसं एवढी का हरखतात, म्हणून तो मनातल्या मनात हसत होता.

तिसऱ्या टेबलावर जयपालअण्णा बसले होते. पासष्टीचे, हळदीचा व्यापार पुतण्याच्या हवाली करून मोकळे झालेले, अंगावर पांढराशुभ्र शर्ट. चाळीस वर्षांत त्यांनी फक्त शिवराई गोळा केली होती. शिवराई म्हणजे मराठेशाहीतला तांब्याचा पैसा. सोनं नाही, चांदी नाही, मोगलांचं नाही, इंग्रजांचं नाही. अकरा पेट्या भरून नुसती शिवराई, आणि प्रत्येक नाण्याखाली मोत्यासारख्या अक्षरात चिठ्ठी.

आणि त्या अकराव्या पेटीच्या कोपऱ्यात, पांढऱ्या फडक्यावर, चार भलतीच नाणी.

एक इंग्रजांच्या काळातला भोकाचा पैसा. एक चौसष्ट सालची पावली. एक पंच्याऐंशीचा रुपया. आणि एक आताआताचं, दोन रुपयांचं नाणं. बाजारात कुणी फुकट दिली तरी घेणार नाही अशी. त्यातल्या तीन नाण्यांना कडेला भोकं होती, आणि ती भोकं चौकोनी होती. खाली चिठ्ठी होती, 'संग्रहाबाहेरची. विक्रीसाठी नाहीत.'

कृष्णात काचेवर वाकला. दोन रुपयाच्या नाण्यावर खिळ्यानं ओरखडून एक अक्षर काढलं होतं. 'कृ'. ते त्याच्याच हातचं होतं.

इथं थोडं मागं गेलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

कृष्णातच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या फौज. रजा संपवून माणूस निघाला की घरातली बाई उंबऱ्यात एक नाणं ठोकायची. लोहाराकडून त्याला कडेला भोक पाडून आणायचं, कडेलाच, कारण राजाच्या नाहीतर सिंहाच्या तोंडात खिळा जाता कामा नये. घोड्याच्या नालेचा चौकोनी खिळा असायचा. माणूस ते नाणं ओलांडून जायचा आणि परत आला की आधी ते स्वतःच्या हातानं उपटायचा, म्हसवडला सिद्धनाथाच्या पायाशी ठेवायचा, मगच घरात पाणी प्यायचा. जो आला नाही, त्याचं नाणं उंबऱ्यातच राहायचं. पणजोबा ब्रह्मदेशात राहिले, आजोबा पासष्टच्या लढाईत, बाप सत्त्याऐंशीत श्रीलंकेत. तीन नाणी होती ती अशी. चौथं कृष्णातचं, तो पठाणकोटला निघताना आईनं ठोकलेलं. त्यावर त्यानं हौसेनं नावाचं अक्षर कोरलं होतं.

दोन हजार एकोणीसच्या सालात आई गेली. रंगूबाई तिचं नाव. सकाळी उंबऱ्यावर पडलेली सापडली, डोकं फुटलेलं. डॉक्टर म्हणाले चक्कर आली असणार, बीपी होतंच. कृष्णात पठाणकोटहून पोचला तो तिसऱ्या दिवशी, राख सावडायच्या वेळेला. घरात शिरताना सवयीनं खाली वाकला, नाणं उपटायला. उंबऱ्यात चार भोकं होती. नाणी नव्हती.

त्याच्या डोक्यानं जे काही जुळवलं ते तेवढ्यात जुळवलं. धाकट्या भावाला, गुंडाला, जुनं घर पाडून स्लॅबचं बांधायचं होतं. तीन महिन्यांपूर्वी आईशी त्याचं त्यावरून कडाक्याचं भांडण झालं होतं, उंबरा काढायचा नाही म्हणून म्हातारी हटून बसली होती. सगळ्या गल्लीनं ते ऐकलं होतं. परका माणूस मेलेल्यांच्या नाण्याला हात लावायचा नाही. मग नाणी काढून आडव्या आलेल्या आईला ढकलणारा उरला कोण?

गोठ्यात नेऊन त्यानं गुंडाला मारलं. आधी लाथांनी, मग पहारीनं. दरवेळी एकच विचारत होता, "कुणी काढली?" आणि गुंडा दरवेळी एकच सांगत होता, "आयनं काढली, दादा. आयनंच. म्याच तिला गाडीवर सांगलीला नेली."

शहिदाची विधवा स्वतःच्या नवऱ्याचं नाणं उपटेल? हे त्या गावात कुणाला पटलं नसतं, कृष्णातला तर नाहीच. ढकलून मारली ती मारली, वर तिच्यावरच घालतोय, असं त्याला वाटलं आणि त्याचं माथं फिरलं. त्यानं गुंडाचा उजवा हात दगडी उखळावर दाबून धरला आणि वरून पहार आणली. एकदा नाही, तीनदा. हाडांचा आवाज दारात उभ्या असलेल्या भावकीनं ऐकला. कुणी मधे पडलं नाही. पोलिसातही कुणी गेलं नाही, घरातलं घरात मिटलं म्हणून सगळे समाधानानं घरी गेले. आठव्या दिवशी गुंडा बायकोला आणि तीन वर्षांच्या पोरीला घेऊन कवठे महांकाळकडं निघून गेला. हात मनगटापासून निकामी झालेलाच होता.

त्यानंतर कृष्णातला झोप नीट लागायची. मुद्दाम सांगतो, लागायची. आईला न्याय दिला असं त्याला मनापासून वाटत होतं.

आणि आता ती चार नाणी काचेखाली होती, आणि विकली कुणी हे सांगणारा माणूस समोर खुर्चीवर बसून डब्यातली दशमी खात होता.

दुपारी एक ते दोन हॉल बंद असायचा. माणसं जेवायला पांगली. जयपालअण्णा पेट्या सोडून हलायचे नाहीत. कृष्णातनं शटर ओढलं, आतून कडी घातली आणि त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला.

"ही चार कुणी दिली?"

"ती होय? ती मिळाली एकाकडून," अण्णा सहज म्हणाले. "नाव सांगायचं नाही असं ठरलंय बगा. शब्द दिलाय मी."

पहिली चपराक एवढी जोरात होती की चष्मा पलीकडच्या टेबलाखाली गेला. अण्णांना कळलंच नाही काय झालं. आयुष्यात त्यांच्यावर कुणी हात उगारला नव्हता, पावसाळ्यात पायाखाली किडामुंगी येईल म्हणून खाली बघत चालणारा माणूस तो. दुसऱ्या ठोशाला ते खुर्चीसकट मागं पडले. तोंडातून रक्ताबरोबर दोन दात आले, शुभ्र शर्टावर पडले.

"गुंडा नाव हुतं का त्याचं? उंच, काळासावळा, माझ्यासारखाच दिसणारा? म्हण व्हय."

अण्णा गुदमरत म्हणाले, "नाही. तसं नाही."

"गुंडा म्हण!"

कृष्णातनं त्यांचं एक बोट धरून मागं वाकवलं. कट्‌ आवाज आला, अण्णा किंचाळले. बाहेर रस्त्यावर हॉर्न वाजत होते, कुणाला काही ऐकू गेलं नाही. कृष्णातला घाम फुटला होता. त्याला खरं काय ते नको होतं, त्याला गुंडाचं नाव हवं होतं. ते नाव आलं असतं तर त्यानं याच म्हाताऱ्याला उचलून दवाखान्यात नेलं असतं, पाया पडला असता. दुसरं कुठलंही नाव आलं तर उखळावरच्या त्या हाताचं काय करायचं, हे त्याला माहीत नव्हतं.

"एकडाव म्हणा की हो," तो म्हणाला, आणि आता त्याचा आवाज मार खाणाऱ्याचा असावा तसा येत होता. "गुंडानं दिली म्हणा. सोडतो तुमाला."

"खोटं नाव कसं घेऊ?" अण्णा रडत होते. "मारून टाकलात तरी कसं घेऊ? बाई होती ती. म्हातारी बाई. माणातली."

कृष्णातची मूठ हवेत थांबली.

मग अण्णांनी सांगितलं, थांबत थांबत, शर्टाच्या बाहीनं तोंड पुसत. घर शोधत आली होती, शिवराईवाले अण्णा कुठं राहतात विचारत. आत आलीच नाही, पायरीवरच बसली. उजव्या अंगठ्याला चिंधी बांधलेली, खिळे उपटताना फाटला म्हणाली. धाकटा मुलगा बाहेर गाडीजवळ उभा होता, तो तिला परत चल म्हणून विनवत होता, तिनं त्याला गप्प केलं. पदराची गाठ सोडून तिनं ही चार पुढं केली.

"मी म्हणालो, मावशी, मी फक्त शिवराई ठेवतो, ही माझ्यात बसायची नाहीत. तिनं तिकडं लक्षच दिलं नाही. मला म्हणाली, तुला ल्योक किती? मी म्हणालो, दोन मुलीच. तर म्हणाली, मग तूच ठेव. ज्या घरात पोरगा हाय तिथं ही नकोत. मी म्हणालो, कृष्णेत सोडायची मग. तर म्हणते, पाण्यात कशी टाकू, माणसं भिजत्याल की माझी."

कृष्णात भिंतीला टेकला. तरी त्याचं मन शेवटचा हात मारून बघत होतं. "गुंडानं शिकवलं आसंल तिला. पढवून आणली आसंल."

"ते मला माहीत नाही. ती नातवाचं सांगत होती. नातू पहाटं पळायला लागलाय भरतीसाठी, म्हणाली. थोरल्यानं रविवारी फोनवर सांगितलं, लय आनंदानं सांगितलं, मी बी बरं झालं म्हणलं. पण मला आता आणि एक नाणं ठोकायचं न्हाई. सासऱ्याचं बघितलं, मालकाचं बघितलं. उंबऱ्यात नाणी हायत तवर माणसं जात्यात. सुट्टीला आला की थोरल्याला मीच सांगीन. रागवंल, पण ऐकंल."

तो रविवारचा फोन कृष्णातला लख्ख आठवला. त्याचा पोरगा शिवतेज पठाणकोटच्या क्वार्टरमधून पहाटे पळायला जायला लागला होता, ही बातमी त्यानं आईला सोडून कुणाला सांगितली नव्हती. पोरगा निवडला गेला की मगच गावाला कळवायचं असं त्याचं ठरलं होतं. "बरं झालं," आई म्हणाली होती. एवढंच म्हणाली होती, आणि मग बराच वेळ गप्प होती. रेंज गेली असेल असं समजून त्यानं फोन ठेवला होता.

तो तिथंच फरशीवर बसला. थोड्या वेळानं उठला, बाटलीतलं पाणी अण्णांच्या तोंडाला लावलं, चष्मा शोधून दिला. एक काच तडकली होती.

"घिऊन जाऊ का ती?" त्यानं पेटीकडं बोट करून विचारलं.

अण्णांनी एकाच डोळ्यानं त्याच्याकडं पाहिलं, दुसरा सुजून मिटला होता. "तुमच्या घरात मुलगा आहे?"

"हाय. फौजेत हाय. लडाखला."

मोडक्या बोटाचा हात छातीशी धरून अण्णा सरकत सरकत पेटीपर्यंत गेले आणि दुसरा हात त्यांनी काचेवर ठेवला. दोन दात पडलेला म्हातारा तो, फुंकर मारली तरी पडला असता. पण कृष्णातला पुढं पाऊल टाकता येईना.

"पोलिसात जावा तुमी," तो म्हणाला. "म्या पळत न्हाई."

"माझं राहू दे," अण्णा म्हणाले. "आधी त्या गाडीजवळच्या पोराकडं जावा."

कवठे महांकाळच्या बाहेर, डांबरी सोडून आत गेलं की बेदाण्याची शेडं आहेत. गुंडा त्यातल्या एका शेडवर राखणीला होता आणि बायको शालूबाई बेदाणा निवडायला. मालकानं दिलेल्या पत्र्याच्या दोन खोल्यांत त्यांचा संसार. दुसऱ्या दिवशी दुपारी चारला कृष्णात तिथं पोचला तेव्हा गुंडा बाजेवर बसून डाव्या हातानं शर्टाची बटणं लावायची खटपट करत होता. कृष्णातला बघून त्याचा हात थांबला. उजवा मांडीवर पडला होता, बोटं आत वळलेली, वाळलेल्या मुळासारखी.

कृष्णातनं वाटेत बरंच बोलायचं जुळवलं होतं. तोंडातून निघालं ते एवढंच. "आयनंच काढली हुती."

गुंडानं शांतपणे विचारलं, "कुणी सांगितलं?"

"ज्याला दिली त्यानं. सांगलीच्या अण्णांनी."

"त्यास्नी किती मारलंस?"

कृष्णातची मान खाली गेली. भाऊ त्याला चांगला ओळखत होता. "दोन दात पाडलं. बोट मोडलं."

"म्हंजे त्यास्नी बी मारलंस, अन् ते सांगत्यात ते खरं धरलंस," गुंडा म्हणाला. "म्या बी त्येच सांगितलं हुतं, दादा. त्येच्यापरास लय मार खाऊन सांगितलं हुतं. एकडाव न्हाई, धा डाव. तवा माझं खरं का धरलं न्हाईस?"

कृष्णातला एकच भाषा येत होती आणि तो तीच बोलला. समोर मातीत गुडघे टेकले, दोन्ही हात पाठीमागं बांधले, पलटणीत उभं राहतात तसे, आणि म्हणाला, "मार मला. पायजे तेवढं मार. म्या हात उचलणार न्हाई."

"कशानं मारू?" गुंडानं विचारलं. "हात कुटं ठेवलाईस मारायला?"

"माझं हायत की," मागून शालूबाई म्हणाली.

ती दारात कधी येऊन उभी राहिली होती ते दोघांनाही कळलं नव्हतं. पाच-सहा वर्षं नवऱ्याला भाकरी कुस्करून देणारी, त्याच्या विजारीची नाडी बांधणारी बाई ती. दिराला पाहून डोक्यावर पदर घ्यायची तिची रीत होती. आज तिनं पदर खोचला. धुण्याच्या दगडाजवळ कपडे बडवायचं बाभळीचं लाकूड पडलं होतं, ते तिनं दोन्ही हातांनी उचललं.

पहिला घाव खांद्यावर बसला. दुसरा कानशिलावर, कातडी फाटली आणि रक्त मानेवरून शर्टात उतरलं. ती काही बोलत नव्हती, शिव्या देत नव्हती, नुसती मारत होती, जसं गोधडी बडवावी तसं, दम घेऊन घेऊन. कृष्णात एकदा पालथा पडला, पुन्हा उठून गुडघ्यावर बसला. त्यानं आपला उजवा हात पुढं काढला आणि धुण्याच्या दगडावर ठेवला. शालूबाईनं एकदा त्या हाताकडं पाहिलं, एकदा नवऱ्याकडं. गुंडानं नको म्हटलं नाही. तिनं लाकूड डोक्याच्या वर नेलं आणि खाली आणलं.

मनगट मोडलं. कृष्णात ओरडला तो जनावरासारखा ओरडला, आणि खरं सांगायचं तर त्या वेदनेत त्याला बरं वाटलं. फिटलं, असं त्याला वाटलं. त्यानं डोळे उघडले तेव्हा शालूबाई लाकूड टाकून देऊन ओक्साबोक्शी रडत होती आणि गुंडा बाजेवरून उठून त्याच्याकडं येत होता. आता तो जवळ घेईल, असं त्या मूर्खाला वाटलं. त्यानं चांगला हात वर केला, भावानं धरून उठवावं म्हणून.

गुंडानं तो धरला नाही. त्याच्यापासून दोन हातांवर थांबला.

"झालं तुझं समाधान?" तो म्हणाला. "हिला बी तुझ्यासारकं करून सोडलंस. आता ऐक. अंकिता साळंतनं यील इतक्यात. तिला सांगितलंय, बाबाचा हात मशीनीत गेला. चुलता हाय ह्ये तिला ठाव न्हाई. लहान हुती, इसरली. ती यायच्या आत हितनं जा. तेवढं तरी माझं ऐक."

"गुंडा, मला एकडाव..."

"तेवढं तरी ऐक, दादा."

आणि कृष्णातनं आयुष्यात पहिल्यांदा धाकट्या भावाचं ऐकलं. उठला. मोडका हात शर्टात खुपसून वाटेला लागला. डोळ्यांपुढं अंधारी येत होती, तरी तो झपाझप चालत होता, कारण शब्द पाळायचा होता.

पण पोर वेळेआधीच आली. बाभळीच्या वळणावर समोरून, निळा फ्रॉक, पाठीला दप्तर, आठ-नऊ वर्षांची. ती त्याला बघून थबकली. भ्याली नाही. भुवया जवळ घेऊन बघायची तऱ्हा सगळी रंगूबाईची होती.

"आवं, लय रगत आलंय तुमाला," ती म्हणाली आणि दप्तरातून पाण्याची बाटली काढायला लागली. "पडला का? माझ्या बाबाचा हात बी आसाच हाय. कुणाकडं आला हुता तुमी?"

कृष्णातच्या ओठावर नाव आलं होतं. ते त्यानं गिळलं.

"कुणाकडं न्हाई, बाळ. घर चुकलो."

ती पाणी पुढं करत होती, पण तो थांबला नाही. दहा पावलं गेल्यावर मागून तिच्या पळण्याचा आवाज आला आणि मग तिची हाक, "बाबा, आवं बाबा, वाटंवर एक माणूस घर चुकलाय! लय लागलंय त्यास्नी, घिऊन यिऊ का आपल्यात?"

कृष्णात थांबला. मागं वळायची हिंमत झाली नाही, तो नुसता कान देऊन उभा राहिला.

"नगं," गुंडाचा आवाज आला. "जाऊ दे त्यास्नी. तू आत यी."